अठ्ठ्याण्णवचा वेग

बादलीत एकूण एक्केचाळीस चेंडू होते. सहा नवे, लकाकी न गेलेले. बावीस एका बाजूने घासलेले. नऊ भिजून फुगलेले, हातात घेतले की असायला हवेत त्याहून जड वाटणारे. आणि चार असे, की शिवण उसवून दोऱ्याची टोकं बाहेर आलेली. सरावाआधी बादली पालथी करून चेंडू मोजायचे ही तिची वीस वर्षांची सवय होती. संघातल्या मुली हसायच्या. "ताई, बादलीला कुलूप लावा एकदाचं," म्हणायच्या. ती हसण्यावारी न्यायची, पण मोजायची. मोजून झालं की हात स्थिर व्हायचे. हॉलमध्ये चार जाळ्या होत्या, त्यातली भिंतीकडची तिची. वर पत्र्याचं छत, खाली हिरवी चटई, आणि चटईवर फलंदाज उभी राहते तिथे झिजून पडलेला तळहाताएवढा काळा डाग. पलीकडच्या टोकाला चेंडू टाकायला गोफण उभा होता. त्याचं खरं नाव हजेरीच्या वहीत असेल. लांब दांड्याच्या चमच्यात चेंडू बसवून तो खांद्यावरून भिरकावायचा, म्हणून कुणीतरी पंधरा वर्षांपूर्वी त्याला गोफण म्हटलं आणि ते चिकटलं. ती एकटी त्याला काका म्हणायची. गेली दोन वर्षं ती सराव फक्त त्याच्याच हातचा करत होती.

त्या सकाळी वेगाचा फलक चालू राहिला होता. तिच्याआधी वेगवान गोलंदाज मुलींचा सराव झाला होता, आणि त्यांच्यासाठी गोफणच्या मागे, खांबावर, ताशी किलोमीटर दाखवणारा लाल आकड्यांचा तो फलक लावलेला असायचा. मुली गेल्यावर बंद करतात. आज कुणी केला नव्हता. पहिला चेंडू तिने पुढे पाय टाकून खेळला. बॅटच्या मधोमध लागला. तो आवाज कानाला नाही, कोपराला कळतो. मान वर केली तेव्हा गोफणच्या डोक्यावर ९८ लिहिलेलं होतं. तिला वाटलं, यंत्र बिघडलंय. दुसरा चेंडू, ९७. तिसरा, ९८. गेल्याच आठवड्यात पत्रकाराने विचारलं होतं, या वयात सराव किती वेगावर करता, आणि ती न अडखळता म्हणाली होती, एकशे पंधरा, अठरा. खोटं बोलतेय असं तिला जराही वाटलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी ते खरंच होतं. चौथ्या चेंडूआधी तिने हातमोजा काढून परत घातला. गोफणला वाटलं पट्टी सैल झाली असेल, तो थांबला. मग त्याने टाकला आणि टाकताना त्याच्या तोंडून जो बारीक हुंकार निघाला तो तिने आज पहिल्यांदा ऐकला, किंवा ऐकू येऊ दिला. ९६. चेंडू पुन्हा मधोमध. चाळीसच्या चाळीस मधोमध. एक्केचाळिसावा तिने सोडून दिला आणि तो मागच्या पडद्यावर आदळून, दमल्यासारखा घरंगळत तिच्या टाचेपाशी आला.

गोफणने विचारलं, "झालं?"

"झालं."

"आज घड्याळासारखी खेळलीस."

पॅड सोडताना तिच्या मनात हिशेब चालू झाला. शाळेत गणित बरं होतं आणि उजळणी अजून पाठ होती. सतरा मीटर अंतर. अठ्ठ्याण्णवच्या वेगाने चेंडू पोचायला सेकंदाचे शंभर भाग केले तर त्यातले बासष्ट. एकशे पंधराच्या वेगाने त्रेपन्न. फरक नऊ भागांचा. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे दोन वर्षं ती एका पापणीइतका उशीर जवळ बाळगून खेळत होती आणि त्या उशिराला रोज सकाळी इथे खाऊपिऊ घातलं जात होतं.

बसमध्ये खिडकीपाशी जागा मिळाली. शेजारच्या बाईने ओळखलं, पण नुसती पिशवी आवळून सरकून बसली. रस्त्याकडेचे खांब ती मोजत होती आणि मोजता मोजता गेल्या सात डावांपर्यंत पोचली. सातपैकी दोनदा बोल्ड. दोनदा पायचीत. एकदा यष्टीमागे झेल. एकदा धावबाद, ते सोडून देऊ. एकदा नाबाद, पण समोर नवख्या गोलंदाज होत्या. पहिल्या बोल्डला तिने खेळपट्टी दोषी धरली होती: चेंडू खाली राहिला. दुसऱ्याला पांढरा पडदा: कुणीतरी आडवं गेलं. पायचीतला पंच. झेलाला वारा. प्रत्येक कारण त्या त्या दिवशी खरं होतं. तिने चित्रफीत दोनदा पाहून खात्री केली होती. पण पाचही एकाखाली एक मांडले की कारणं चार निघत होती आणि उशीर एकच. प्रयोगाच्या वहीत असं आलं असतं तर शाळेतल्या बाईंनी लाल रेघ मारून विचारलं असतं, स्थिर राशी कोणती? स्थिर राशी ती होती. हे तिला आज कळलं असं म्हणणंही बरोबर नव्हतं. गेल्या हिवाळ्यात प्रशिक्षक म्हणाले होते की आठवड्यातून दोनदा तरी चेंडू फेकणाऱ्या मशीनवर खेळ, आणि ती म्हणाली होती, "मशीनला हात नसतो, सर. हात दिसल्याशिवाय मी चेंडू वाचत नाही." वाक्य इतकं चांगलं होतं की त्यांनी ते इतर मुलींनाही सांगितलं. ते बोलताना पोटात कुठेतरी, नाभीच्या डाव्या बाजूला, काहीतरी आखडलं होतं. आता बस वळणावर कलली तेव्हा नेमकं तिथेच आखडलं.

घरी आई खिडकीत बसून चष्म्याची काच पदराने पुसत होती. तिसऱ्या मजल्यावरच्या या दोन खोल्यांत दोघीच राहायच्या. एका भिंतीवर चषकांसाठी केलेली फळी होती आणि ती भरल्यावर उरलेले चषक कपाटावर, पेटीत, आणि एक स्वयंपाकघरात, ज्यात आई चमचे ठेवायची. आईला डाव्या कानाने कमी ऐकू यायचं; नजर मात्र अजून पक्की.

"लवकर आलीस."

"हो."

"पडलीस का कुठे?"

"नाही."

"मग तोंड का असं? शून्यावर बाद झाल्यासारखं."

"काही नाही गं. दमले."

"दमायला काय झालं? तो म्हातारा टाकतो आणि तू मारतेस. दमायचं त्याने." आईने चष्मा चढवला. "बेबीचा फोन येऊन गेला. तुझा लागत नाही म्हणाली. मला म्हणाली, काकू, तुमच्या लेकीला सांगा, पाचपर्यंत. काय पाचपर्यंत ते मी विचारलं नाही. तुमच्या गोष्टी तुम्हाला."

बेबी म्हणजे निवड समितीची प्रमुख. वय एक्कावन्न. सोळाव्या वर्षी संघात आली तेव्हा सगळ्यांत लहान होती, त्यामुळे नातू झाला तरी बेबीच राहिली. दोघी सहा वर्षं एकत्र खेळल्या होत्या. तिने बेबीला फोन लावला, तेव्हा बारा वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

"अगं, आहेस कुठे? सहा मॅचेस आहेत, उसळत्या खेळपट्ट्या, वर थंडी. सकाळी कमिटी बसली होती. मी म्हटलं, तिचं ती सांगेल. तुला वगळायचा ठराव मांडायची माझी छाती नाही आणि बाकीच्यांना तोंड नाही. तेव्हा हो की नाही ते तू पाचपर्यंत सांग. यादी टाईप करून ठेवलीय, तिसऱ्या नंबरची जागा तेवढी कोरी."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर धाकटी जाईल." धाकटी म्हणजे एकवीस वर्षांची ती डावखुरी, जी गेली दीड वर्षं राखीव म्हणून पाण्याच्या बाटल्या नेत होती. "तू नाही म्हणणार आहेस की काय?"

"नुसतं विचारलं."

"तू कधी नुसतं विचारत नाहीस," बेबी म्हणाली, आणि थोडं थांबून, "हे बघ, तू तयार आहेस म्हणालीस तर तयार आहेस. मी दुसऱ्या कुणाला विचारणार नाही."

फोन ठेवल्यावर ती पलंगावर आडवी झाली. हो म्हणायला एक अक्षर लागत होतं. हो म्हटलं की अजून एक दौरा, सहा सामने, कदाचित त्यातला एखादा डाव बरा. आणि रोज सकाळी साडेसहाला उठण्याला कारण. नाही म्हटलं तर उद्या सकाळी साडेसहाला काय, इथपर्यंत तिचं मन जायचं आणि बंद दारापाशी यावं तसं थांबायचं. छत्तिसाव्या वर्षी माणसं घरं बदलतात, मुलांच्या शाळा बघतात, नवऱ्याशी भांडतात. तिच्याकडे भांडायला फक्त आतल्या बाजूला वळणारा चेंडू होता. छतावर ओलीचा पिवळट डाग होता. त्याच्याकडे बघताना तिला वसतिगृहातली खोली आठवली, तिथेही असंच छत होतं, आणि शेजारच्या खाटेवर ज्येष्ठ खेळाडू, जिला सगळ्या थोरली म्हणायच्या. थोरली तिच्या आधी तिसऱ्या नंबरवर खेळायची. तेव्हाचे सर एक चाचणी घ्यायचे: मशीन एकशे पंधरावर, तीस चेंडू, बॅटच्या दर्शनी बाजूवर पावडर फासलेली. उमटलेला ठसा मधल्या पट्ट्यात असेल तर मधे, नाहीतर कडेला. तीसपैकी अठरा मधे असले पाहिजेत. अठराच्या खाली आलं की सर काही बोलायचे नाहीत; पुढच्या यादीत नाव नसायचं. सगळ्यांना हे ठाऊक होतं, बेबीलाही. थोरलीच्या चाचणीला ठसे मोजायचं काम सरांनी तिला दिलं होतं, कारण तिची मोजणी चुकत नाही अशी तिची तेव्हाही ख्याती होती. ती वीस वर्षांची होती. त्या दिवशी पहाटे थोरलीच्या काखेतून थर्मामीटर तिनेच काढला होता आणि उजेडात धरून वाचला होता: एकशे एक पूर्णांक चार. थोरली म्हणाली होती, "उतरेल गं दहापर्यंत." उतरला नव्हता. पॅड थोरलीने तापातच बांधले. तीस चेंडू झाल्यावर सरांनी विचारलं, "किती?" आणि ती म्हणाली, "सोळा." सोळाच होते. एकही इकडचा तिकडे केला नव्हता. सरांनी लिहून घेतलं. मधे चार-पाच सेकंद होते, ज्यांत तापाचं एक वाक्य मावलं असतं. ते ती बोलली नाही. थोरलीही बोलली नाही, हातमोजे काढत ती एवढंच म्हणाली, "मोजणी बरोबर आहे तुझी." पुढच्या दौऱ्याला तिसरा नंबर तिला मिळाला. पहिल्याच डावात तिने एक्क्याऐंशी केल्या. त्या डावाबद्दल पुढे सोळा वर्षं तिला लोक विचारत राहिले आणि ती सांगत राहिली, फक्त सुरुवात कुठून करायची हे ती दर वेळी बदलायची.

वडील शिंपी होते. भावाचे जुने पॅड कापून त्यांनी तिच्या मापाचे केले होते आणि पट्ट्यांना दुहेरी शिवण घातली होती. माप घेताना पोट आत ओढणाऱ्या गिऱ्हाइकांचा त्यांना भारी राग. "कापड तुमच्या लाजेच्या मापाचं शिवू की तुमच्या मापाचं?" असं ते एका कारकुनाला तोंडावर म्हणाले होते आणि तो कारकून परत कधी आला नव्हता. आईने महिनाभर त्यांना त्यावरून टोमणे मारले. ते गेले तेव्हा ती दुसऱ्या देशात होती, पहिल्या दिवसअखेर चौतीसवर नाबाद. घरच्यांनी सामना संपेपर्यंत कळवलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने अजून बावन्न धावा केल्या. त्या बावन्न ती कधी एकूण धावांत धरायची, कधी मनातल्या मनात वजा करायची. तिने कूस बदलली. शेजारच्या घरात कुणीतरी खुर्ची ओढली. तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. आई दारात उभी राहून म्हणाली, "जायचंय तर जाऊन ये एकदाची. पलंग मोडशील कुशी बदलून बदलून."

हॉलमध्ये गोफण एकटाच होता. जाळीला पडलेलं भोक बाकावर बसून विणत होता, सुई डाव्या हातात धरून. तो डावखुरा नव्हता.

"काका, सकाळी फलक चालू होता."

सुई थांबली नाही. "मुलींना शंभरदा सांगितलंय, बंद करून जा म्हणून."

"किती दिवसांपासून?"

"काय किती दिवस?"

"काका."

त्याने गाठ मारली, दाताने दोरा तोडला. "दोन वर्षं होतील. हात खांद्याच्या वर जात नाही. सदरा घालायला बायको लागते, आणि ती म्हणते, लग्नात एवढी सेवा नव्हती केली." तो हसला; ती हसली नाही. मग तोही थांबला. "डॉक्टर म्हणाला, टाकणं बंद. टाकणं बंद म्हणजे इथलं येणं बंद. जाळ्या विणायला कोण ठेवतंय मला?"

"मला सांगायचं तरी."

"तू विचारलंस कधी? तू म्हणायचीस, काका, आज फार जोरात टाकताय. मला बरं वाटायचं. म्हटलं, ही म्हणते तर असेल." त्याने जाळी मांडीवरून बाजूला केली आणि पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. "खरं सांगू? मला वाटलं तुला माहीत आहे. माहीत आहे म्हणूनच मशीनवर जात नाहीस. वाटलं, चालू दे दोघांचं."

पत्र्यावर एक पक्षी चालत होता. नखांचा आवाज एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला. दोन वर्षं दोघं रोज सकाळी एकमेकांना धरून उभे होते, पडू नये म्हणून, आणि तिला वाटत होतं ती सराव करतेय. त्याच्यावर चिडावं असं तिने ठरवून पाहिलं, पण चीड आलीच नाही.

"मशीन काढा," ती म्हणाली. "एकशे पंधरा. तीस चेंडू."

"आत्ता? सकाळचे दोन तास अंगात आहेत तुझ्या. उद्या काढू."

"पाचला फोन करायचाय."

तो उठला. मशीनला खांदा लागत नाही. नुसता चेंडू नळीत सोडायचा असतो. त्याची दोन्ही चाकं फिरायला लागली तेव्हा त्यांची घरघर छातीत जाणवली. तिने बॅटवर पावडर फासली, पेन्सिलीने मधल्या पट्ट्याच्या दोन रेघा मारल्या, पट्टीने तपासल्या. पहिला चेंडू दिसला तेव्हा तो येऊन गेला होता. मागच्या पडद्याचा आवाज तिला स्वतःच्या बॅटच्या आवाजाआधी आला, आणि बॅटचा आलाच नाही. दुसरा कडेला. तिसरा कडेला. चौथा मधोमध, आणि कोपराला ते कळलं, आणि क्षणभर, फक्त तेवढाच क्षण, सगळं जिथल्या तिथे होतं. दर चेंडूनंतर गोफण चालत यायचा, बॅट उजेडाला धरायचा, सांगायचा, आणि ती फडक्याने पुसून नवी पावडर लावायची. सोळाव्याला तो म्हणाला, "मधे." तिने वाकून पाहिलं. ठशाचा एक काठ रेघेच्या बाहेर होता, नखाएवढा.

"कडेला."

"अगं, अर्ध्याच्या वर आत आहे. मधेच धरतात."

"कुठे धरतात?"

त्याने बॅट पुन्हा उजेडाला धरली. "कडेला," म्हणाला आणि मशीनकडे गेला. विसाव्यानंतर तिचे डोळे चेंडू शोधायच्या ऐवजी नळीचं तोंड बघायला लागले, पुढचा अंदाज आधीच बांधायला लागले, आणि दोन अंदाज बरोबरही आले. पण अंदाजाने लागलेला चेंडू आणि पाहून लागलेला चेंडू यांचे ठसे सारखेच उमटतात, हे तिला त्या पांढऱ्या पावडरीत दिसत होतं. तिने तेही मोजले. पंचविसावा अंगठ्यावर बसला. सव्विसाव्याआधी तिने अंगठा हलवून पाहिला, हलला, ती उभी राहिली. तिसावा झाल्यावर गोफणने चाकं बंद केली. ती फिरून फिरून थांबायला बराच वेळ लागला.

"तू दमलेली होतीस," तो म्हणाला. "अंगठाही सुजेल आता. हे सांग तिला. खरंच आहे ते."

तिने हातमोजे काढून बाकावर ठेवले, एकमेकांवर. पाचला सहा मिनिटं होती. बेबीने पहिल्याच घंटीला उचलला.

"बोल. लिहू ना नाव?"

"सरांची चाचणी घेतली आत्ता."

पलीकडे कागद सरकवल्याचा आवाज आला.

"किती?"

"तीस चेंडू, एकशे पंधरा. हुकलेले पाच. कडेला अकरा. मधे चौदा."